लंगडीतून सूट कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पाल्याचे तळवे सपाट आहेत, पीटीला सूट द्यावी.’ जून-जुलैत अशा चिठ्ठ्या क्रीडाशिक्षकांकडे येतात. मी नोकरीत असताना क्वचित यायच्या, आता सर्रास येतात, असं तरुण सहकारी सांगतात.

आमच्या सातारा जिल्ह्यात या धास्तीचं मूळ सैन्यभरतीत आहे. ‘फ्लॅट फूट’ म्हणून मेडिकलला बाद झालेला पोरगा गावात एखादा तरी असतोच. मग आईबाप पहिलीपासूनच बुटात महागडे इनसोल घालतात. खरं तर तळव्याची कमान जन्मतः दिसत नाही, ती साधारण सहा ते दहा वर्षांपर्यंत आकार घेते. मुलाला चवड्यांवर उभं करून मागून बघा. कमान उठली, टाच आत वळली आणि दुखत नसेल, तर पाय लवचीक आहे. सैन्याच्या वैद्यकीय निकषांतही असा पाय असलेला, चवड्यांवर नीट धावणारा उमेदवार चालतो, हे किती पालकांना माहीत आहे?

१९९२ साली २,३०० भारतीय मुलांच्या पाऊलठशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पायात काही ना काही घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८. त्यातही बंद बूट घालणाऱ्यांत सर्वाधिक. आणि आपल्या शाळा काय करतात? चिमुरड्यांना सकाळपासून काळ्या बुटांत कोंबतात आणि मैदानावरही ते काढू देत नाहीत!

पीटीच्या तासाला बूट काढून मातीत लंगडी खेळू द्या. (आधी काचा-खडे वेचून घ्या, हे शिपायावर सोडू नका.) एका पायावर उभं राहताना घोटा डुगडुगतो, बोटं माती पकडतात, त्यातूनच तोल शिकला जातो. सपाट तळव्याचं पोर सुरुवातीला दोन उड्यांत पाय टेकतं, म्हणून त्याला बाकावर बसवायचं? त्याला तर जास्त डाव हवेत.

एकच पाय सपाट असेल, तळवा ताठ असेल, मूल लंगडत असेल किंवा पाय दुखतो म्हणत असेल, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवाच. मुख्याध्यापकांना विनंती, सूट द्यायचीच तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्या, आणि कोणता व्यायाम वर्ज्य व किती दिवस, हे त्यावर लिहिलेलं असू द्या.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कराड