ठेव मोडू नका

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आमच्या नव्या घरासाठी तुमची मुदत ठेव मोडायची नाही. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण फोनवर हा विषय निघाला की मी तोंड उघडायच्या आत बाबा "ठरलं तर मग" म्हणून फोन आईकडे देतात, आणि आईशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

राग मानू नका. तुमचे पैसे घ्यायचा कमीपणा वाटतो असं मुळीच नाही, जन्मापासून घेतच आले आहे. प्रश्न निव्वळ हिशेबाचा आहे. आमच्यापुढे कमाईची बरीच वर्षं आहेत, त्या भरवशावर बँक आम्हाला घरासाठी कर्ज देते. उद्या तुम्हाला मोठा खर्च निघाला, तर पगार नसलेल्या माणसाला तीच बँक दारात उभी करणार नाही. मुदतीआधी ठेव मोडली म्हणून व्याज कापतील ते सोडा. मोडलेली ठेव पुन्हा उभी कशातून करणार? महागाई वर्षाला 6 टक्क्यांनी वाढत राहिली, तर साधारण 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो. आज ज्या रकमेत महिना निघतो, त्यात तेव्हा पंधरवडा निघेल. औषधपाणी तर विचारूच नका. त्या 12 वर्षांत तुम्ही दोघं ठणठणीत असणार हे मी धरूनच चालले आहे, म्हणून तर हा हिशेब मांडते आहे.

आणखी एक, जे फोनवर बोलवत नाही. त्या ठेवीवर धाकट्याचाही हक्क आहे. आज विचाराल तर "देऊन टाका ना ताईला" म्हणेल, आणि मनापासून म्हणेल. पण त्याची घर घ्यायची वेळ येईल तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारी आणखीही माणसं असतील. कुणी काही न बोलताही मनात अढी बसते, आणि ती काढायला मग कुणीच धजत नाही. पुढे कधी द्यायचंच झालं तर दोघांना सारखं द्या, आणि लिहून ठेवून द्या.

आता बाबांचा लाडका मुद्दा. भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा! बाबा, तुमच्याशी वाद घालायची हौस नाही, पण व्याजसुद्धा त्याच पाण्यात जातं. समजा 20 वर्षांचं कर्ज 9 टक्क्यांनी घेतलं. हप्ता दर महिन्याला सारखाच, पण पहिल्या हप्त्याच्या शंभरातले 83 व्याजाचे आणि मुद्दलाचे जेमतेम 17. दहा वर्षं नेमाने हप्ते भरले तरी मुद्दलातलं 71 टक्के बाकी असतं. निम्मं मुद्दल फिटायला 14 वर्षं लागतात. पूर्ण मुदत भरली की घेतलेल्या रकमेच्या 2.16 पट परत गेलेली असते. शिवाय दर बदलता असला तर तो चढला की एक तर हप्ता वाढतो, नाहीतर मुदत लांबते. ज्यांनी नुसत्या हप्त्याकडे लक्ष ठेवलं त्यांना मुदत कधी लांबली याचा पत्ताही लागत नाही.

हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. याच आकड्यांत सुटकेची वाटही आहे, आणि ती तुमच्या जावयांनी शोधली (एकदा काय ती वही हातात घेतली, तर श्रेय देऊन टाकते). याच कर्जात वर्षाकाठी एक हप्ता जादा भरला आणि तो थेट मुद्दलात जमा करून घेतला, तर मुदत सुमारे साडेतीन वर्षांनी कमी होते. मात्र हे सुरुवातीच्या वर्षांत करायचं. शेवटी शेवटी व्याजच थोडं उरलेलं असतं, तेव्हा जादा भरून फार काही वाचत नाही. कर्ज लवकर फेडलं म्हणून दंड लावणार का, तेवढं सही करण्याआधी विचारून घेतलं आहे.

तुम्हाला खरी काळजी आहे ती आमचं कसं भागेल याची. तर ऐका. घरं बघायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही हप्ता भरतो आहोत. म्हणजे कर्ज नसताना. हप्ता अंदाजे किती पडेल ते काढलं, त्यातून आत्ताचं भाडं वजा केलं, आणि राहिलेला फरक पगाराच्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायला लागलो. त्या खात्याचं कार्ड मुद्दामच घेतलं नाही. सुरुवातीला चांगलीच ओढाताण झाली. आईने त्या वर्षी विचारलं होतं ना, की हल्ली नवीन काही घेत नाहीस, सगळं ठीक आहे ना, तेव्हा हेच चाललं होतं. पण त्यातून दोन कामं झाली. पहिल्या भरण्याची रक्कम साठत गेली, आणि एवढा हप्ता झेपतो का याचं उत्तर आमचं आम्हाला मिळालं. बँक फक्त कर्ज किती मिळेल ते सांगते. झेपेल किती, हे तिला विचारण्यात अर्थ नाही. आम्ही तिने देऊ केलेल्या रकमेपेक्षा कमीच घेतो आहोत.

ऑफिसात जो तो सांगत होता की पैसे शेअर बाजारात टाका, दुप्पट होतील. होतीलही. पण निम्म्यावर आले तर पुन्हा मूळ जागी यायला ते दुप्पटच व्हावे लागतात, आणि तोवर घराचा मालक आपल्यासाठी थांबत नाही. लांबच्या गरजांचे पैसे तिथे आहेत. घराचे मात्र कंटाळवाण्या जागीच ठेवले. सहा महिन्यांचा घरखर्च, हप्त्यांसकट, वेगळा काढलेला आहे, त्याला हात लावायचा नाही हे दोघांत ठरलं आहे. नोंदणीचा खर्च, वकिलाची फी, सामान हलवणं, दिवे-पंखे-नळ हे किरकोळ वाटतं आणि शेवटी कंबरडं मोडतं, म्हणून तेही आधीच धरलं आहे.

मग तुमच्याकडून काहीच नको का? हवं आहे. बाबा, तुमची हत्यारांची पेटी काढा. भिंतीची सरळ रेघ बघायला ओळंबा, फरशीची पातळी बघायला पाणसळ आणि कोपऱ्याचा काटकोन बघायला गुण्या, तिन्ही.

घर जुनं आहे, आधीचे लोक बरीच वर्षं राहिलेले. कागदपत्रं वकिलाने पाहिली, ती स्वच्छ आहेत. भिंतींचं मात्र मला तुमच्याशिवाय कुणाचं पटणार नाही. न्हाणीघराला लागून जी खोली आहे तिच्या एका भिंतीला ताजा रंग आहे, बाकी तिघींना जुनाच. तिथेच मला शंका आली. जमिनीपासून वीतभर उंचीवर बोटाने दाबलं तर रंग कुरकुरतो, आणि नखाने जरा खरवडलं तर खालून पांढरी भुकटी निघते. लोणा लागला आहे, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतले क्षार वर आले आहेत. आता हे पाणी न्हाणीघराच्या फरशीतून झिरपतंय, भिंतीतला नळ गळतोय की जमिनीतून ओल चढतेय, हे कळायला हवं. दाखवायला आलेले गृहस्थ म्हणाले, "त्यात काय, वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारून देतो." मी मान डोलावली आणि गप्प बसले. पाणी येणं बंद केल्याशिवाय वरून काहीही फासलं तरी ओल आतच राहते आणि रंग पोपड्यांसकट सुटतो, हे तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

बाकी जमलं तेवढं मी केलं. फरशांवर नाणं आपटत गेले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या दोन-तीन पोकळ वाजतात. न्हाणीघरात दाराशी तांब्याभर पाणी ओतलं, तर ते मोरीकडे न जाता दाराशीच थबकलं. म्हणजे उतार चुकलाय आणि तिथली फरशी उचकटावीच लागणार. सगळे नळ एकदम सोडून पाहिले, धार बरी आहे. विजेचं अर्थिंग तपासायला वायरमन येणार आहे, तो येईल त्याच दिवशी तुम्ही असावंत अशी इच्छा आहे. ओल आणि उतार यांचं काम किती निघतं ते तुम्ही सांगितलंत की तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागायची, असं आम्ही ठरवलंय. हे बोलणं करायला जावई चालतील. तुम्ही फार लवकर विरघळता.

आई, तुझ्याशी ओट्याबद्दल बोलायचंय. सध्याचा ओटा बराच खाली आहे, मला अर्ध्या तासात कंबर धरावी लागते. कोपरापासून 10 ते 15 सेंमी खाली कामाची पातळी असली की पाठीला बरं, असा सर्वसाधारण हिशेब. पण कुणाचं कोपर धरायचं? तू सगळ्यांत ठेंगणी, मी मधली, आणि तुमचे जावई ताडमाड, तरी निम्मा स्वयंपाक तेच करतात. म्हणून एकसंध ओटा करायचाच नाही असं मनात आहे. चिरण्या-निवडण्याची बाजू उंच, आणि शेगडीची खाली, कारण भांड्याची उंची वर आणखी धरावी लागते. तू येशील तेव्हा चप्पल काढून उभी राहा, मी खडूने भिंतीवर खूण करते. तुझ्या मापाला मत आहे, आणि ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे, कारण तू आलीस की तुला तिथून हलवणं कुणाला जमत नाही.

बाकी सजावटीची घाई नाही. एका ठिकाणी गेलो होतो, त्यांनी संगणकावर आमच्या घराची चित्रं करून दाखवली. छान होती, पण त्यांत आम्ही कुठेच नव्हतो. वह्या कुठे, बाबांची आरामखुर्ची कुठे, इस्त्रीचे कपडे पडतात ती जागा कुठे? पाणी, वीज, कुलपं आणि ओल एवढंच आधी. उरलेलं वर्षभर राहून मग. ऊन कुठल्या खिडकीतून कधी येतं, पाऊस कुठल्या बाजूने झोडपतो, आम्ही प्रत्यक्षात बसतो कुठे, हे कळल्याशिवाय भिंतीत ठोकलेलं कपाट नंतर हलत नाही. रंगाचंही तसंच. डब्यावरच्या चिठ्ठीवर भरवसा न ठेवता दोन समोरासमोरच्या भिंतींवर हातभर पट्टे मारून बघणार, सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात. एकच पिवळा पांढऱ्या दिव्याखाली आजारी दिसतो आणि पिवळसर दिव्याखाली उबदार, हे आत्ताच्या भाड्याच्या घरात रोज बघतेच आहे.

एक गोष्ट मात्र मी लगेच करून घेणार आहे, आणि त्यावर तुमचं मत विचारत नाहीये. न्हाणीघराची फरशी नाहीतरी उचकटणारच, तेव्हाच कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी आधाराचे दांडे पक्क्या भिंतीत बसवायचे. नंतर टाइलवर नुसतं चिकटवलेलं काही भरवशाचं नसतं, आणि टॉवेलच्या दांडीला धरून उठायची बाबांची सवय मला चांगली माहीत आहे. ती दांडी टॉवेलचं वजन पेलायला असते, माणसाचं नव्हे. फरशी घसरणार नाही अशी खरखरीत. उंबरा काढून टाकायचा, दार पूर्ण उघडल्यावर निदान 80 सेंमी मोकळी जागा राहील एवढं रुंद, म्हणजे कधी चाकाची खुर्ची लागली तरी अडणार नाही. पलंगापासून तिथपर्यंत रात्री मंद दिवा. "आम्हाला कशाला आत्तापासून हे" असं आई म्हणणार, मला इथे ऐकू येतंय. आई, सगळ्यांत आधी ते दांडे मीच वापरणार आहे. कंबरेचं वर सांगितलंच.

आता कामाचं. गुडघा बरा असेल असा आठवडा सांगा, तिकिटं मी काढते. पेटीत ओळंब्याचा दोरा आहे का ते बघून घ्या, नसेल तर इथे मिळेल. बँकेत जाल तेव्हा ठेव मोडायचा अर्ज मागू नका. पावतीवर तुम्हा दोघांची नावं आहेत का, आणि नॉमिनीचं काय, तेवढं मात्र विचारून या. आणि हे पत्र धाकट्याला वाचायला द्या. त्याच्याबद्दल लिहिलेला परिच्छेद आई झाकून ठेवेल, तसं करू देऊ नका.

तुमची,
थोरली