'द फ्रॅजाइल'विषयी, मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र गेल्या आठवड्यात पोहोचले. ट्रेंट रेझनर या अमेरिकन संगीतकाराच्या नाइन इंच नेल्स या रॉक बँडचा 'द फ्रॅजाइल' हा अल्बम तू निम्मा ऐकून बाजूला ठेवलास आणि 'पसारा फार, हाती काही लागत नाही' असा शेरा लिहून पाठवलास. मला त्याचा राग आला नाही. पण हा अल्बम माझ्या फार जवळचा आहे, आणि त्याच्यावर पूर्वीही नेमका हाच ठपका ठेवला गेला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

1994 च्या 'द डाउनवर्ड स्पायरल' या आधीच्या अल्बमने रेझनरला मोठे नाव मिळवून दिले आणि त्याबरोबर अपेक्षांचे ओझेही. पुढचा अल्बम यायला साडेपाच वर्षे लागली. दरम्यान ज्या आजीने त्याला लहानाचे मोठे केले, ती गेली. हा अल्बम तिलाच अर्पण केलेला आहे. ध्वनिमुद्रण न्यू ऑर्लिन्समध्ये मॅगझिन स्ट्रीटवरच्या त्याच्या स्वतःच्या स्टुडिओत झाले. ती इमारत पूर्वी अंत्यविधींची व्यवस्था पाहणाऱ्यांची होती. निर्मितीत अ‍ॅलन मोल्डर त्याच्या जोडीला होता. यंत्रांच्या कर्कश ठोक्यांवर उभ्या राहिलेल्या इंडस्ट्रियल रॉकमध्ये त्यांनी या वेळी चेलो आणि उकुलेले (छोट्या गिटारसारखे वाद्य) यांसारखी वाद्ये आणली, आणि ज्यांच्यावर आपला हात बसलेला नाही अशी वाद्ये रेझनरने मुद्दाम स्वतः वाजवली. त्या वाजवण्यातला किंचित बेसूरपणा त्याने पुसून टाकला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. शेवटी रचना इतक्या साठल्या की त्यांचा क्रम लावण्यासाठी बॉब एझ्रिन या संगीत-निर्मात्याला बोलवावे लागले, आणि 23 रचनांचा, पावणेदोन तासांच्या आसपास चालणारा दुहेरी अल्बम 21 सप्टेंबर 1999 रोजी बाजारात आला.

पहिल्या आठवड्यात 2 लाख 28 हजार प्रती खपल्या आणि तो अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. दुसऱ्याच आठवड्यात तो सोळाव्यावर घसरला. पहिल्या स्थानावरून एवढी मोठी घसरण तोवर कोणत्याही अल्बमची झाली नव्हती. अनेकांनी त्यावरून अपयशाचा निकाल देऊन टाकला. मला मात्र त्या आकड्यांत एवढेच दिसते, की वर्षानुवर्षे वाट पाहणारे चाहते पहिल्याच दिवसांत दुकानात धावले आणि इतरांना ओढून आणील असे ठसठशीत गाणे त्यात नव्हते. आधी सुटे गाणे (सिंगल) म्हणून आलेल्या 'द डे द वर्ल्ड वेन्ट अवे'मध्ये तर ड्रम्सच नाहीत! समीक्षकांतही फूट पडली. 'स्पिन' मासिकाने त्याला वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम ठरवले, तर 'पिचफोर्क' या संगीतविषयक संकेतस्थळाने 10 पैकी 2 गुण देऊन वाटेला लावले. त्यानंतरच्या उत्तर अमेरिकेच्या दौऱ्याचा खर्च रेझनरने स्वतःच्या खिशातून केला.

आता तुझ्या 'पसाऱ्या'कडे वळतो. तू ज्याला पसारा म्हणतोस, ते माझ्या मते पुन्हापुन्हा परत येणे आहे. पहिल्या तबकडीवरची 'द फ्रेल' ही पियानोची अगदी छोटी रचना आठव. तिचीच सुरावट थोड्या वेळाने शीर्षकगीतात भरून येते. तू जिथे थांबलास त्याच्या जरा पुढे 'ला मेर' आहे. कॅलिफोर्नियात बिग सर येथे समुद्रकाठी एकटा राहत असताना, अत्यंत निराशेच्या काळात रेझनरने ती रचली. पियानोवर एकच ओळ फिरत राहते, तिच्याखाली बास आणि बिल रिफ्लिनचे ड्रम्स हळूहळू आत येतात, आणि मग एका स्त्रीचा आवाज क्रिओल भाषेत काही कुजबुजतो. शब्द मला कळत नाहीत, तरी प्रत्येक वेळी त्या ठिकाणी मी हातातले काम थांबवतो. हीच सुरावट दुसऱ्या तबकडीवर 'इन्टू द व्हॉइड'मध्ये परत येते, आणि तिथे ती समुद्रकाठची शांतता नाचऱ्या ठेक्यात अडकून पडलेली असते. सावरायचे, जोडायचे, आणि जोडलेले डोळ्यांदेखत पुन्हा निखळताना पाहायचे, हाच या अल्बमचा विषय आहे. तो चाळीस मिनिटांत मावला नसता. दुसऱ्या तबकडीवरची एखाद-दोन आरडाओरड्याची गाणी कमी असती तर चालले असते, हे मीही मान्य करतो.

आई गेली त्या वर्षी मी हा अल्बम रात्री दिवा मालवून ऐकत असे. दुःखातून बाहेर पडल्याचा बहाणा न करणारे दुसरे काही त्या दिवसांत माझ्यापाशी नव्हते. म्हणून 2017 साली त्याच 'पिचफोर्क'ने नव्या परीक्षणात 8.7 गुण दिलेले पाहिले, तेव्हा मला घरातल्याच कुणाचा मान राखला गेल्यासारखे वाटले. दरम्यान अल्बम बदललेला नव्हता. ऐकणाऱ्यांना पुरेसा वेळ मिळाला होता.

माझी विनंती एवढीच आहे, की पुढच्या वेळी दोन्ही तबकड्या एका बैठकीत ऐकू नकोस. पहिली तिच्या शेवटच्या 'द ग्रेट बिलो'पर्यंत ऐक, हेडफोन लावून, आणि त्या रात्री तिथेच थांब. दुसरी दुसऱ्या दिवशी लाव. 'इन्टू द व्हॉइड'मधली 'ला मेर'ची ती ओळ तुझ्या कानाने आपण होऊन ओळखली की नाही, ते मात्र मला नक्की कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र