कॅप्टन, त्या फोन नंबरसाठी आभार

आदरणीय कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांस,

स. न. वि. वि.

पत्र फार उशिरा लिहितो आहे, आणि तुम्हाला मराठी येत नाही हेही ठाऊक आहे. तरी मराठीतच लिहितो. ज्या मराठी घरांतली माणसं आज अशा अवाढव्य विमानांतून जातात-येतात, त्यांतल्या बहुतेकांनी तुमचं नाव ऐकलेलं नाही. ते त्यांना माहीत असायला हवं, असं मनापासून वाटतं. सिंगापूर एअरलाइन्सची ए380 ही दुमजली विमानं 2014 पासून मुंबईत येऊ लागली. त्यांच्या पंखांखाली रोल्स-रॉइसची ट्रेंट 900 इंजिनं असतात. 4 नोव्हेंबर 2010 रोजी ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीच्या तुमच्या ए380 विमानावर, म्हणजे ‘नॅन्सी-बर्ड वॉल्टन’वर याच घराण्याची इंजिनं होती. ती आज जास्त सुरक्षित आहेत, कारण त्या दिवशी तुम्ही 469 माणसं तर खाली आणलीतच, पण फुटलेलं इंजिनही पंखासकट, वायरींसकट तपासणाऱ्यांच्या हाती दिलंत. विमान समुद्रात गेलं असतं तर नेमकं काय बिघडलं होतं ते शोधायला किती वर्षं लागली असती, या विचारानं अजूनही पोटात गोळा येतो.

सकाळी दहाच्या सुमारास तुम्ही सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून सिडनीला निघालात. जेमतेम चार मिनिटं झाली होती. इंडोनेशियाच्या बाटम बेटावर सात हजार फुटांवर असताना लागोपाठ दोन धमाके झाले. डाव्या पंखाचं आतलं, म्हणजे दोन नंबरचं इंजिन फुटलं होतं.

इंजिन बंद पडणं आणि इंजिन फुटणं यात किती अंतर आहे, हे या कामातल्या माणसालाच कळतं. पुढच्या पंख्याचं पातं तुटलं तर ते इंजिनाच्या आवरणातच अडलं पाहिजे. तशी चाचणी देऊनच इंजिन पास होतं. टर्बाइनच्या डिस्कचं, म्हणजे पाती बसवलेल्या जड धातूच्या चक्रीचं, तसं नाही. पूर्ण वेगात फिरणारी डिस्क सुटली तर तिला अडवील एवढं जाड आवरण विमानाला पेलणारच नाही. म्हणून ती फुटूच नये अशी घडवायची, आणि फुटलीच तर सगळं एका घावात जाऊ नये म्हणून वायरी आणि पाइप वेगवेगळ्या वाटांनी न्यायचे, एवढंच माणसाच्या हाती उरतं. तुमच्या डिस्कचे तीन मोठे तुकडे झाले. एक पंखाचा पुढचा स्पार, म्हणजे आतली आधाराची तुळई, फोडून वरून बाहेर पडला, आणखी एक विमानाच्या पोटाखालच्या फेअरिंगमधून (बाहेरच्या आवरणातून) गेला. म्हणजे पंखातल्या वायरीही तुटल्या आणि पोटातल्याही. मुद्दाम दूर ठेवलेल्या दोन वाटा एकाच वेळी कापल्या गेल्या.

पुढे कॉकपिटमधल्या पडद्यावर संदेशांची रांग लागली. चाळीसहून अधिक. हायड्रॉलिकच्या, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, दोन यंत्रणांपैकी ‘ग्रीन’ नावाची गेली, ‘यलो’ कशीबशी चालू. विमानभर वीज वाटणाऱ्या चार एसी बसपैकी दोन बंद. एपीयू, म्हणजे शेपटीतलं वीज देणारं छोटं इंजिन, सुरू झालं, पण त्याची वीज जोडता येईना. पंखाच्या पुढच्या कडेचे स्लॅट निकामी. पंखावरच्या स्पॉयलर आणि एलरॉन या हलत्या फळ्या थोड्याच उरलेल्या. ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांचा जोर (थ्रस्ट) आपोआप राखणारी यंत्रणा, तीही गेली होती. तुम्ही आधी विमान त्याच उंचीवर धरलंत आणि थ्रस्ट हातानं कमी केलात. हे वाचायला एक ओळ लागते. पण त्या वेळी चढाईची ताकद तशीच राहिली असती तर विमान सपाट होताच वेग भलता वाढला असता.

इथे ए380 आखणाऱ्यांचेही आभार मानतो. एलरॉन आणि शेपटीवरच्या एलेव्हेटर या फळ्यांपाशी त्यांनी विजेवर चालणारे, स्वतःची छोटी टाकी आणि स्वतःचा पंप असलेले, फळ्या हलवणारे अ‍ॅक्च्युएटर बसवले होते. मोठ्या हायड्रॉलिक लाइनी रिकाम्या झाल्या तरी हे छोटे पंप आपापलं काम करत राहतात. नुसती वजनाची बचत म्हणून याकडे पाहणाऱ्यांनी त्या सकाळचा डावा पंख डोळ्यांसमोर आणावा.

तुम्ही घाई केली नाहीत. चांगीच्या पूर्वेला घिरट्या घालत पन्नासेक मिनिटं एकेक संदेश निपटलात. सहवैमानिक मॅट हिक्स संदेश वाचत गेले, तुम्ही विमान सांभाळलंत, आणि मार्क जॉन्सन, हॅरी वबेन, डेव्हिड एव्हन्स हे तिघं मागून डोळे लावून होते. एका कॉकपिटमध्ये पाच वैमानिक, त्यांत तिघं कॅप्टन, आणि तरी कोणी कोणावर कुरघोडी केली नाही. ज्यांनी ऑफिसात तीन साहेबांची मीटिंग पाहिली आहे त्यांना याचं मोल कळेल.

त्या पन्नास मिनिटांतली एक गोष्ट इंजिनवाल्यांना, विमान दुरुस्त करणाऱ्यांना विसरता येत नाही. इंधनाचा तोल बिघडला होता, आणि पडद्यावरची यंत्रणा इकडचं इंधन तिकडे घ्या म्हणत होती. डावा पंख चाळणी झालेला, त्यातून इंधनाची धार लागलेली. चांगल्या टाकीतलं इंधन फुटलेल्या बाजूला पाठवायचं? तुम्ही सगळ्यांनी थांबून विचार केलात आणि नाही म्हणालात. चेकलिस्ट पाळणं ही शिस्त आहे. चेकलिस्ट लिहिणाऱ्याला हा असा घाव कधी सुचलाच नसेल हे ओळखणं, तेही डोकं शांत ठेवून, ही त्याहून अवघड शिस्त आहे. काय काय गेलं याची यादी संपेना तेव्हा तुम्ही हिशेब उलटा केलात: शाबूत काय आहे तेवढंच मोजायचं, आणि तेवढ्यात उतरायचं.

उतरण्याचा हिशेबही घाम फोडणारा. वजन सुमारे 440 टन, म्हणजे उतरायच्या मर्यादेपेक्षा चाळीसहून अधिक टन जास्त, आणि इंधन टाकून देण्याची सोय निकामी. लॅपटॉपवरच्या हिशेबानं पहिल्यांदा उत्तरच दिलं नाही. धावपट्टी कोरडी आहे हे त्याला सांगितल्यावर उत्तर आलं: चार हजार मीटरच्या पट्टीत शेवटी शंभरेक मीटर उरतील. वेग जास्त झाला तर पट्टी संपणार, कमी झाला तर विमान लिफ्ट, म्हणजे हवेचा उचलणारा जोर, सोडणार. मधली फट अगदी चिंचोळी. तुम्ही एक आणि चार नंबरची इंजिनं एका ठरावीक थ्रस्टवर ठेवून वेग फक्त तीन नंबरनं राखलात. हे कोणत्याही चेकलिस्टमध्ये लिहिलेलं नव्हतं. चाकं स्वतःच्या वजनानं खाली सोडलीत. पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप बाहेर काढताना दर टप्प्यावर विमान थोडं डावीउजवीकडे कलवून बघितलंत, ऐकतंय ना. उलटा थ्रस्ट फक्त एका इंजिनाचा. पंखाखालच्या चाकांच्या ब्रेकना अ‍ॅक्युम्युलेटर नावाच्या राखीव टाकीत साठलेल्या दाबाचाच आधार. चार टायर बसले. विमान थांबलं तेव्हा पट्टी सुमारे 150 मीटर उरली होती.

बाहेरून पाहणाऱ्यांना वाटतं, झालं, वाचले. खरी कसोटी अजून पुढेच होती. ब्रेक 900 अंशांवर तापलेले, आणि डाव्या पंखातून त्यांच्यापाशी इंधन ठिबकतंय. एक नंबरचं इंजिन बंदच होईना, कारण त्याला ‘बंद हो’ सांगणाऱ्या वायरीही तुटलेल्या. मास्टर स्विच झाला, फायर स्विच झाला, इंजिन फिरतच राहिलं. वीज इतकी थोडी की एकच रेडिओ चालू. अशा वेळी स्लाइड उघडून सगळ्यांना बाहेर ढकलायचा मोह कोणालाही झाला असता. वरच्या मजल्यावरून स्लाइडनं येणं म्हणजे दोन मजल्यांच्या उंचीवरून घसरणं. म्हातारी माणसं, व्हीलचेअरवरची माणसं, लेकुरवाळ्या बाया. घसरून कुठे उतरायचं, तर इंधनाच्या थारोळ्याजवळ आणि चालू इंजिनाच्या शेजारी. तुम्ही ठरवलंत, आतच थांबायचं. अग्निशमन दलानं फेस मारून ब्रेक थंड केले. मग उजव्या बाजूच्या एकाच दारातून, जिन्यानं, सगळे सावकाश उतरले. बाकीची दारं स्लाइडसह तयार, आणि प्रत्येक दारापाशी मायकल फॉन रेथ यांच्या केबिन क्रूचं माणूस उभं, नजर बाहेर. आग दिसली असती तर क्षणात सगळी दारं उघडली असती. कोणाला खरचटलंही नाही.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ती गोष्ट.

सगळे प्रवासी टर्मिनलमध्ये पोचल्यावर तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर गेलात. थकून गेला असाल. काम संपलं होतं, घरी जायला कोणी अडवलं नसतं. तुम्ही काय झालं ते सरळ भाषेत सांगितलंत, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिलीत, आणि स्वतःचा मोबाइल नंबर देऊन टाकलात. आपली नीट काळजी घेतली जात नाही असं वाटलं तर मला फोन करा, म्हणालात. साडेचारशेच्या आसपास अनोळखी माणसांना. खासगी नंबर. कंपनीच्या कुठल्या नियमात हे बसत नसेल, आणि कुठल्या कायद्यानं ते मागितलंही नव्हतं.

हे इतकं का लागलं, ते नीट सांगतो. त्याशिवाय नुसतं ‘भारी माणूस’ म्हणून सोडून दिल्यासारखं होईल.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्युरोचा अंतिम अहवाल 2013 मध्ये आला. इंजिनाच्या आत बेअरिंगला तेल पोचवणारी एक आखूड नळी असते. तिच्या तोंडाशी आतून काउंटरबोअर करतात, म्हणजे भोक थोडं रुंद करतात. ते भोक नळीच्या मध्याशी जुळलं नाही, तर नळीची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते. तुमच्या इंजिनात नेमकं तेच झालं होतं. पातळ बाजूला थकव्याची चीर पडली, तेल झिरपलं, आत आग लागली, डिस्कला शाफ्टशी जोडणारा भाग त्या उष्णतेनं तुटला, आणि मोकळी झालेली डिस्क वेग घेत घेत फुटली. मिलिमीटरच्या अंशाचा फरक.

मशिनवर चूक होते. टूल सरकतं, डेटम (मापाचा मूळ संदर्भ) बदलतो, जॉब नीट बसत नाही. त्यासाठीच इन्स्पेक्शन असतं. अहवालातली मन विषण्ण करणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्या कारखान्यात तो भाग तयार झाला, तिथे ‘किरकोळ’ वाटणारे फरक नोंदवायचे नाहीत, अशी एक वहिवाट पडून गेली होती. आणि असा पातळ भिंतीचा पाइप तुमच्याच इंजिनात नव्हता. आणखी कित्येक इंजिनांत तो बसवलेला निघाला. कोणाचा तरी हात नोंदवहीपाशी गेला असेल, ‘जाऊ दे, एवढ्यानं काय होतंय’ म्हणून मागे आला असेल. राग येतो. अजूनही येतो. कारण तो फरक लिहून ठेवायला दोन मिनिटं लागली असती, आणि त्या दोन मिनिटांसाठी 469 माणसांचा जीव टांगणीला लागला.

म्हणून तुमचा नंबर इतका मोठा वाटतो. एकीकडे ज्यांचा विमानाशी संबंध कारखान्याच्या दाराशी संपत होता, त्यांनी आपल्या कामावर आपलं नावही राहू दिलं नाही. दुसरीकडे तुम्ही. चूक तुमची नव्हती. तरी ‘हे माझे प्रवासी’ म्हणून तुम्ही पुढे झालात, आणि काम संपल्यावरही ते ओझं खांद्यावरून उतरवलं नाहीत.

त्या प्रसंगानंतर पातळ नळ्या शोधून इंजिनं बदलली गेली. कंट्रोल सॉफ्टवेअरही बदललं: टर्बाइन बेफाम वेग घेऊ लागली, तर डिस्क फुटायच्या आत इंजिन आपोआप बंद होतं. रात्री मुंबईहून उडणाऱ्या विमानात हे आहे, आणि बसणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते.

चांगीच्या अग्निशमन दलालाही नमस्कार सांगा. बंद होत नसलेल्या इंजिनासमोर उभं राहून पाणी आणि फेस मारत राहणं सोपं नसतं. ते इंजिन सुमारे तीन तासांनी थांबलं. तोपर्यंत तुमचे सगळे प्रवासी टर्मिनलमध्ये होते.

‘नॅन्सी-बर्ड वॉल्टन’ दुरुस्त होऊन 2012 च्या एप्रिलमध्ये पुन्हा उडू लागलं. ती बातमी वाचून हँगरमधल्या कित्येकांचे डोळे भरून आले असतील.

तुमचा ऋणी,
इंजिनांच्या कामातला एक माणूस