क्रेन दहा टनांची, पण आय बोल्ट कितीचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संशोधन संस्थांमधल्या सुरक्षिततेचा विषय निघाला की चर्चा रसायनं, किरणोत्सर्ग आणि लेझरभोवतीच फिरते. छताखालची क्रेन आणि भिंतीला टेकवलेली शिडी यांच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. माणसं जायबंदी होतात ती यांच्यापायीही.

कारखान्यात तोच जॉब त्याच पद्धतीने रोज उचलला जातो. प्रयोगशाळेत मात्र निर्वात कक्ष, चुंबक, क्रायोस्टॅट (अतिथंड तापमान राखणारं पात्र), प्रत्येक वस्तू वेगळी. वजन कुठे लिहिलेलं नसतं आणि नजरेचा अंदाज फसतो. 5×10×20 सेंमीची शिशाची वीट दिसायला किरकोळ, पण भरते 11 किलोंहून जास्त. अशा 100 विटांची पेटी 1.1 टनांच्या पुढे जाते.

क्रेन सहसा दगा देत नाही, दगा देतं ते हूक आणि वजन यांच्यामधलं सामान. 1 टन वजन उचलण्याच्या दोन उभ्या पट्ट्यांवर (स्लिंग) सारखं तोललं तर प्रत्येकावर 500 किलो येतात. तेच पट्टे आडव्या रेषेशी 60 अंशांत असतील तर सुमारे 580, 45 अंशांत 710 आणि 30 अंशांत प्रत्येकावर पुरते 1,000 किलो! छत बुटकं असलं की आखूड पट्टा लावला जातो आणि नेमका हाच घोटाळा होतो. आय बोल्टचं, म्हणजे हूक अडकवायला वस्तूत पिळून बसवलेल्या कडीच्या बोल्टचं, गणित तर याहून कडक आहे. 45 अंशांच्या तिरक्या ओढीला त्याची क्षमता साधारण पाव ते एक तृतीयांशच उरते, तीही बोल्टचा खांदा (कडीखालची रुंद कड) पृष्ठभागावर घट्ट बसलेला आणि कडी ओढीच्या रेषेत असेल तर. बिनखांद्याचा बोल्ट फक्त सरळ वर उचलायला. ॲल्युमिनियममध्ये आटेही जास्त खोल लागतात: 12 मिमीच्या बोल्टला स्टीलमध्ये निदान 18, तर ॲल्युमिनियममध्ये निदान 24 मिमी. तिरकी ओढ टळतच नसेल तर ओढीच्या दिशेने वळणारी फिरती कडी, म्हणजे होइस्ट रिंग, घ्यावी. अंतिम शब्द अर्थात निर्मात्याच्या तक्त्याचा.

वजन 5-10 सेंमी उचलून थांबावं. एका बाजूला कललं तर हाताने दाबून धरू नये, खाली ठेवून हूक गुरुत्वमध्याच्या बरोबर वर आणावा. झोका आवरायला दोरी बांधावी. इशारे एकानेच द्यावेत, ‘थांबा’ मात्र कोणीही म्हणावं. क्षमतेचा टॅग निघालेला किंवा धार लागून चिरलेला पट्टा कापूनच टाकावा, नाहीतर तो कचऱ्यातून पुन्हा कामावर येतो. आणि अतिवाहक (सुपरकंडक्टिंग) चुंबकाजवळ विशेष जपावं: वीजपुरवठा बंद असला तरी त्याचं क्षेत्र चालू असू शकतं आणि लोखंडी साखळी किंवा शिडी खेचली जाते.

शिडीचे नियम थोडे आहेत, पण घाईत तेच मोडतात. टेकू 4 मीटर उंचीवर असेल तर पाया 1 मीटर बाहेर हवा. वरच्या माळ्यावर उतरायचं असेल तर शिडी माळ्याच्या 1 मीटर वर निघालेली हवी. घडीची शिडी मिटून भिंतीला लावली की तिचे पाय कडेवर टेकतात आणि ती सरकते. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल शिडीच्या दोन दांड्यांच्या बाहेर गेलं की समजावं, आता उतरून शिडी सरकवायची वेळ झाली. विजेजवळ ॲल्युमिनियमची शिडी नको, फायबरग्लासची हवी. चाकांच्या खुर्चीवर तर चढूच नये. पण शिडी दोन खोल्या पलीकडे कुलपात असेल तर माणूस खुर्चीच ओढणार. शिडी हाताशी ठेवणं ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे.

संस्थांच्या संचालकांकडे आमची मागणी एकच. उपकरणाच्या आराखड्यातच वजन, गुरुत्वमध्य आणि उचलण्याच्या जागा नोंदवाव्यात, वजन उपकरणावर ठळक कोरावं, आणि ही नोंद नसेल तर उचलण्याची परवानगी देऊ नये.

आपले,
उचलकाम व प्रयोगशाळा सुरक्षेच्या क्षेत्रातील काही वाचक