७६२ तुला दिसतो, लेंडरला नाही

प्रिय मन्या,

तुझा मेसेज वाचला. घर घ्यायचं ठरलं हे फार छान झालं. पुढे तू लिहिलंयस, "क्रेडिट स्कोअर ७६२ आहे, म्हणजे मॉर्गेजची चिंता नाही." चिंता नसेलही. पण तो ७६२ पाहिलास कुठे? क्रेडिट कार्डाच्या ॲपमध्ये, हो ना? मग लेंडर, म्हणजे कर्ज देणारी बँक किंवा कंपनी, तो आकडा बघणारच नाही अशी दाट शक्यता आहे. फोनवर हे धड सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

स्कोअर म्हणजे माणूस उधारी वेळेवर फेडेल का याचा अंदाज देणारा आकडा, आणि अमेरिकेत माणसाचा तो एकच नसतो. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन हे तीन ब्युरो लोकांच्या उधारीची आपापली नोंद ठेवतात, आणि प्रत्येक बँक तिघांनाही कळवतेच असं नाही, त्यामुळे नोंदी जुळतीलच याचा भरवसा नाही. त्यावरून आकडा काढायची सूत्रंही अनेक. फायको कंपनीची वेगळी, आणि तिन्ही ब्युरोंनी मिळून २००६ साली काढलेला व्हँटेजस्कोअर वेगळा. फुकट ॲपमध्ये बहुतेक वेळा व्हँटेजस्कोअर नाहीतर फायको ८ दिसतो. घराच्या कर्जाला मात्र वर्षानुवर्षं फायकोच्या जुन्या आवृत्त्या चालत आल्यात : एक्स्पेरियनकडची २, इक्विफॅक्सकडची ५ आणि ट्रान्सयुनियनकडची ४. २०२२ मध्ये नव्या सूत्रांना सरकारी मान्यता मिळाली, पण इतक्या मोठ्या बाजारात असा बदल सावकाशच होतो. तुझा लेंडर कुठलं वापरतो ते सरळ त्यालाच विचार.

तीन आकडे आले की मधला धरतात. समजा ७६२, ७४१ आणि ७०८ आले, तर तू ७४१ चा. सरासरी काढत नाहीत. दोघं मिळून अर्ज केलात तर तुझा मधला आणि वहिनींचा मधला, यांतला कमी असेल त्यावर साधारणपणे व्याजाचा भाव ठरतो. वहिनींच्या नावावर एकच कार्ड आहे आणि तेही अलीकडचं, असं तू मागे म्हणाला होतास. मग तुझा ७६२ बाजूला ठेव, आधी त्यांचा आकडा बघ. फायकोला स्कोअर काढायला किमान एक खातं सहा महिने जुनं लागतं. त्यापेक्षा नवं असेल तर आकडाच निघणार नाही. तुझ्या एकट्याच्या पगारात कर्ज बसत असेल तर एकट्याच्या नावाने किती पडेल तेही काढून घे. कर्ज एकाच्या नावावर आणि घर दोघांच्या, असं बऱ्याच ठिकाणी करता येतं. तुमच्या राज्याचा नियम तेवढा विचारून घे.

एवढा आटापिटा कशासाठी? ४ लाख डॉलरचं तीस वर्षांचं कर्ज धर. साडेसहा टक्क्यांनी हप्ता साधारण २,५२८ डॉलर, सात टक्क्यांनी २,६६१. महिन्याला १३३ डॉलर काही फार वाटत नाहीत, पण तीस वर्षांत ते जवळजवळ ४८ हजार होतात.

फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या लेंडरकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या संस्था, त्यांच्या नियमात बसणाऱ्या कर्जांचा भाव वीस-वीस गुणांच्या पायऱ्यांनी ठरतो, म्हणजे ७२०, ७४०, ७६०, आणि सगळ्यात वरची पायरी ७८०. ७३९ वरून ७४० वर जाणं म्हणजे रोख पैसे. ७९० वरून ८४० वर जाण्याने या कर्जाच्या भावात दमडीचाही फरक पडत नाही. ८५० हा सगळ्यात वरचा आकडा गाठायचा ध्यास घेतलेले लोक भेटतात ना, त्यांचं मला खरंच कोडं आहे. उलट टोकाला एफएचए या सरकारी संस्थेच्या हमीचं कर्ज ५८० लाही साडेतीन टक्के डाउन पेमेंटवर मिळू शकतं. तेव्हा आकडा कमी आला म्हणून दार बंद झालं असंही समजू नकोस.

आता आकडा बनतो कशाचा. फायको स्वतःच सांगते : वेळेवर फेड ३५ टक्के, उधारी किती वापरलीय ते ३० टक्के, खात्यांचं वय १५, नवी उधारी १० आणि उधारीचे प्रकार १०. पगार यात कुठेच नाही. तू किती कमावतोस, बँकेत किती पडलेत, याच्याशी स्कोअरला देणंघेणं नाही. ते लेंडर वेगळं तपासतो.

यातलं ३० टक्क्यांचं प्रकरण नीट समजून घे, कारण हाताशी वेळ थोडा असताना हलवता येईल असं तेवढंच आहे. तू दर महिन्याला कार्डाचं बिल पूर्ण भरतोस, व्याज कधी देत नाहीस. पण बँक ब्युरोला बहुधा स्टेटमेंट निघतं त्या दिवशीची बाकी कळवते. दहा हजारांच्या लिमिटवर चार हजार खर्च केलेस, स्टेटमेंट निघालं आणि मग शेवटच्या तारखेआधी सगळे भरलेस, तरी रिपोर्टात चाळीस टक्के वापर दिसला. माणूस कर्जमुक्त आणि कागदावर चार हजारांचा देणेकरी! उपाय सोपा आहे. अर्जाआधीचे दोन-एक महिने स्टेटमेंट निघायच्या आदल्या आठवड्यातच पैसे भर, बाकी अगदी थोडी राहू दे. ती जुनी सूत्रं मागच्या महिन्यांचा वापर लक्षात ठेवत नाहीत, ताज्या रिपोर्टातलाच बघतात, त्यामुळे आकडा पटकन सुधारतो.

आणि हो, वापरात नाही म्हणून ते जुनं कार्ड बंद करायचा तुझा विचार होता, तो सोड. ते बंद केलंस की त्याचं लिमिट गेलं, आणि तेवढाच खर्च एकूण लिमिटच्या मानाने मोठा दिसायला लागला. ठेव ड्रॉवरमध्ये.

हप्ता तीस दिवसांहून जास्त चुकलेला असेल तर ती नोंद सात वर्षं राहते, तिला फारसा इलाज नाही. पण चुकलाच नसेल आणि तरी नोंद असेल, तर इलाज आहे. म्हणून आकड्याआधी रिपोर्ट वाच. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट दर आठवड्याला फुकट मिळतात. मिळतीजुळती नावं लावणारी दुसरी साइट उघडू नकोस. आपल्या नावांचं तिथे काय होईल सांगता येत नाही : वडिलांचं नाव मधे लागतं, स्पेलिंग दोन प्रकारे पडतं, आणि आडनाव चारचौघांसारखं असलं की दुसऱ्याचं खातं आपल्या नोंदीत घुसू शकतं. जुने पत्ते, न उघडलेली खाती, फिटलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का, सगळं बघ. चूक दिसली तर त्या ब्युरोकडे तक्रार कर. कायद्याने त्यांना साधारण तीस दिवसांत चौकशी करावी लागते. पण हे अर्जाच्या बरंच आधी कर, कारण तक्रार चालू असलेलं खातं दिसलं की लेंडर अनेकदा ती मिटेपर्यंत फाइल अडवून धरतात. अगदी शेवटच्या क्षणी काही सुधारलं तर रॅपिड रिस्कोअर नावाची सोय आहे, काही दिवसांत नवा आकडा येतो, पण ती लेंडरमार्फतच होते.

भाच्याच्या कार लोनवर तू को-साइन केलं होतंस ना, म्हणजे त्याच्यासोबत फेडीची जबाबदारी घेतली होतीस? ते तुझ्या रिपोर्टात तुझंच कर्ज म्हणून दिसणार. स्कोअर जाऊ दे, पगाराच्या मानाने तुझ्यावर कर्ज किती, या हिशेबात ते धरतील. हप्ते गेले बारा महिने त्याच्याच खात्यातून वेळेवर गेल्याचं दाखवता आलं, तर बहुतेक वेळा ते वगळतात. भाच्याकडून बँक स्टेटमेंट आत्ताच मागवून ठेव. ऐन वेळी तो काही फोन उचलायचा नाही.

लेंडरने रिपोर्ट मागवला की त्याची चौकशी म्हणून नोंद होते. अशा चौकश्यांनी स्कोअर पडतो म्हणून एकाच लेंडरकडे जाऊ नकोस. एकाच कामासाठी, थोड्या दिवसांत केलेल्या मॉर्गेजच्या चौकश्या एकच धरतात. नव्या सूत्रांत ही मुदत ४५ दिवसांची आहे, जुन्यांत १४. तू चौदाचीच धर आणि त्यात तीन-चार जणांकडून भाव घे. स्वतःचा स्कोअर स्वतः पाहिल्याने तर काहीच होत नाही. क्रेडिट फ्रीज केलेलं असेल, म्हणजे तुझा रिपोर्ट नव्या लेंडरना मिळू नये म्हणून बंद करून ठेवला असेल, तर आधी तिन्ही ठिकाणी उघड, नाहीतर लोन ऑफिसरला रिपोर्टच मिळणार नाही.

प्री-अप्रूव्हल, म्हणजे लेंडरची आगाऊ तत्त्वतः मंजुरी, मिळाल्यावर लोक सैलावतात, आणि तिथेच घोळ होतो. क्लोजिंगआधी, म्हणजे व्यवहार पुरा होऊन घर नावावर व्हायच्या आधी, लेंडर पुन्हा एकदा क्रेडिट बघतो. नव्या घरासाठी सोफा बघायला जाल, दुकानदार म्हणेल आमचं कार्ड घ्या, पंधरा टक्के सूट. वहिनींना आधीच सांगून ठेव, घर नावावर होईपर्यंत काही म्हणजे काही उधारीवर घ्यायचं नाही. गाडीसुद्धा.

दोघांचे मिळून सहा रिपोर्ट काढ. शनिवारी सकाळी मी मोकळा आहे, व्हिडिओ कॉलवर ओळ न् ओळ बघू. वहिनींनाही सोबत बसव.

तुझा,
बाळ्या