बाई, 'मिसेस डॅलोवे' वाचून झाली

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

व्हर्जिनिया वुल्फ यांची 'मिसेस डॅलोवे' वाचून संपली. सगळ्यांना वाचता येईल असं हे पत्र मुद्दाम लिहितेय. ही कादंबरी अवघड म्हणून अर्ध्यावर सोडलेले वाचक पुष्कळ आहेत आणि तुम्ही मला केलेली मदत त्यांच्याही कामी येईल.

तुम्ही दिलेल्या प्रतीत ना शब्दार्थ होते, ना टीपा. लेखिका एका माणसाच्या मनातून दुसऱ्याच्या मनात शिरते तिथे समासात पेन्सिलीची एक बारीक रेघ, बस्स. प्रकरणंच नसलेल्या पुस्तकात मला तेवढा आधार पुरला. बाँड स्ट्रीटवर मोटारीचा धडाका होतो, फुलांच्या दुकानात क्लॅरिसा, म्हणजेच मिसेस डॅलोवे, दचकते आणि त्याच आवाजाने रस्त्यावर युद्धावरून परतलेला सेप्टिमस जागीच थिजतो. तिथे तुमची रेघ होती. ही दोघं शेवटपर्यंत भेटत नाहीत, हे तुम्ही आधी सांगितलं नाहीत, फार बरं केलंत.

१९२३च्या जूनमधला लंडनचा एक दिवस. पहिलं महायुद्ध संपून साडेचार वर्षं झालेली. रणांगणाचं वर्णन जवळजवळ नाहीच, पण युद्ध घराघरात बसलेलं आहे. लाडक्या जॉनच्या मृत्यूची तार हातात घेऊन लेडी बेक्सबरोंनी म्हणे बाजाराचं उद्घाटन केलं. एवढंच, अर्ध्या वाक्यात. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आणि ती टोपी! सगळे क्लॅरिसाच्या पार्टीबद्दल बोलतात. माझ्या मते कादंबरीचा जीव सेप्टिमसच्या खोलीत आहे. त्याची बायको रेझिया मिलानची, टोप्या बनवणारी. मिसेस पीटर्सची टोपी फार लहान झालीय असं तो म्हणतो, रिबिनी आणि मणी निवडून स्वतःच सजावट जुळवतो, ती शिवते आणि दोघं पूर्वीसारखी हसतात. युद्धात मेलेल्या मित्राला, इव्हान्सला, सतत पाहणारा माणूस तेवढा वेळ नुसता नवरा असतो. मग जिन्यावर डॉक्टर होम्स येतात आणि सगळं संपतं. त्याला काहीही झालेलं नाही म्हणणारे होम्स आणि 'समतोला'च्या नावाखाली त्याला बायकोपासून दूर ठेवू पाहणारे दुसरे डॉक्टर ब्रॅडशॉ, दोघांचा मला मनापासून राग आला. वुल्फ यांनी स्वतः आजारपणात सक्तीची विश्रांती सोसली होती, हे तुम्ही सांगितल्यावर त्या पानांची धार कुठून आली ते कळलं.

एक गोष्ट मात्र मनात अडकून राहिलीय. क्लॅरिसाचा जुना मित्र पीटर वॉल्श हिंदुस्थानातून परततो. त्याने इंग्लंडहून मागवलेल्या हातगाड्या कुली वापरत नाहीत, एवढा उल्लेख येतो. त्या कुलींच्या मनात मात्र लेखिका शिरत नाही. याच युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या, तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या. तिथून परतलेल्या एखाद्या शिपायाच्या घरातला असाच साधा दिवस मराठीत कुणी लिहिलाय का? तुमच्या वाचनात असेल तर नक्की सांगा, पुढचं पुस्तक मला तेच हवंय.

पुन्हा एकदा मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी