खांदेरीचा अंतराळातील डाव : सभासदांसाठी स्मरणसूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी १० वाजता अलिबाग येथे नेहमीच्या जागी १६७९ च्या खांदेरी बेटाच्या आरमारी लढाईवर बेतलेला विज्ञानकथात्मक डाव यानांच्या लहान प्रतिकृती घेऊन पटावर मांडण्यात येईल. बेटाच्या जागी लघुग्रह आणि गुराबा-गलबतांच्या (त्या काळच्या लढाऊ जहाजांच्या) जागी अंतराळयाने असली, तरी लढाईचे मूळ गणित तेच राहील. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावर अवलंबून होती, तर मराठ्यांची हलकी गलबते वल्ह्यांच्या बळावर उथळ पाण्यातून बेटावर रसद पोहोचवीत. म्हणून सौरवाऱ्याची दिशा दर फेरीस फाशाने ठरेल आणि उल्कांच्या पट्ट्यातून केवळ लहान यानांनाच वाट मिळेल. मराठ्यांनी ‘डव्ह’ हे इंग्रजी जहाज पकडले होते, त्यामुळे यान नष्ट करण्यापेक्षा ते ताब्यात घेण्यास अधिक गुण ठेवले आहेत. लेसर तोफांचा पल्ला मुद्दाम आखूड आहे, कारण तो वाढविल्यास डावपेचांना अर्थच उरत नाही.

इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या जंजिऱ्याच्या सिद्दीचा ताफा चालवू इच्छिणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे. न रंगविलेल्या प्रतिकृती चालतील. आदल्या रात्री रंगविलेल्या मात्र कृपया आणू नयेत, आपल्याकडील दमट हवेत त्या हाताला चिकटतात.